चित्रकाराची तालीम

भास्करबुवा बखल्यांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या तीन उस्तादांच्या पायांशी बसून किती वर्षे काढली, ही हकीकत आपल्याकडील गाणे ऐकणाऱ्या घरांत आजही श्रद्धेने सांगितली जाते. गुरूने एकच पलटा महिनोन्‌महिने घोटून घेतला, पहाटे तंबोरा लावून खर्ज भरण्यात शिष्याचे तारुण्य गेले, पाणी भरण्यापासून सारी कामे केल्यावर मग कोठे एक चीज पदरात पडली, अशा गोष्टी गवयांविषयी ऐकताना आपली मान आपोआप लवते. गवई हा तपस्वी असतो हे आपण एकदाचे मान्य करून टाकले आहे. चित्रकाराविषयी मात्र अशा गोष्टी आपल्या घरांत क्वचितच ऐकू येतात. त्याचे चित्र आवडले तर 'काय हात आहे!' असे आपण म्हणतो. आणि हा 'हात' आपण ज्या अर्थाने उच्चारतो तो पाहिला, तर ही वस्तू त्याला जन्माबरोबर मिळाली, तिच्यासाठी त्याला काही करावे लागले नाही, असाच भाव त्यातून निघतो. स्तुतीच्या या एका शब्दाने त्या माणसाची पंधरावीस वर्षे आपण पुसून टाकतो, याची आपल्याला दादही नसते.

असे का व्हावे याचा विचार करता एक साधे कारण आम्हांस दिसते. गवयाची मेहनत कानांवर पडते. शेजारच्या बिऱ्हाडास ती नकोशी झाली तरी ती आहे हे नाकारता येत नाही. मैफलीतही ती दिसत राहते. तान समेवर येताना गायकाच्या कपाळावरील घाम श्रोत्याने पाहिलेला असतो. चित्रकाराची मेहनत कागदावर होते, आणि तो कागद रद्दीत जातो. हजार रेघा ओढून झाल्यावर जी एक साधते तीच लोकांपुढे येते. उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांचा साक्षीदार कोणी नसतो. पुन्हा चित्र भिंतीवर लागते ते पुरे झालेले. ते कसे झाले हे लपविणे हा चित्राच्या पुरेपणाचाच एक भाग आहे. तेव्हा ज्या कलेत श्रम नाहीसे व्हावेत अशीच योजना आहे, त्या कलेतील श्रम प्रेक्षकाने ओळखावेत कसे? आमच्या समजुतीप्रमाणे चित्रांच्या टीकेचे काम येथूनच सुरू होते, आणि आपल्याकडील बरीचशी टीका विषयाचे वर्णन व रंगांची वाखाणणी करून या प्रश्नाला वळसा घालून जाते.

महाराष्ट्रातील शाळांत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. अलीकडे त्यांच्यामुळे दहावीस काही वाढीव गुण मिळतात, म्हणून आईबाप मुलांस हौसेने बसवितात. गुण पदरात पडले की रंगांची पेटी माळ्यावर जाते. आईबापांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही; पोटापाण्याची काळजी कोणाला सुटली आहे? परंतु त्या परीक्षेत 'वस्तुचित्र' म्हणून जो एक कागद मुलाने रंगविला, तेथे तो एका फार मोठ्या शिस्तीच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आला होता, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते. ती येथे थोडी विस्ताराने सांगतो.

समोर टेबलावर एक तांब्या ठेवलेला आहे. त्याचे तोंड वाटोळे आहे हे मुलाला ठाऊक आहे, म्हणून तो ते वाटोळे काढतो. तांब्या सपाट जागेवर बसला आहे हेही त्याला ठाऊक आहे, म्हणून बुडाशी तो सरळ रेघ ओढतो. प्रत्यक्षात तो जेथे बसला आहे तेथून तांब्याचे तोंड चपटे, लंबवर्तुळाकार दिसते. आणि बूड डोळ्यांच्या पातळीपासून अधिक खाली असल्यामुळे त्याची कमान तोंडाच्या कमानीहून अधिक फुगीर दिसते. मुलाच्या डोळ्यांत काही उणे नाही. त्याच्या मनाला जे ठाऊक आहे, ते त्याच्या डोळ्यांच्या आड येते. चित्रशाळेतील पहिली दोनतीन वर्षे बहुतांशी या एका अडथळ्याशी झुंजण्यात जातात. पेन्सिल हात लांब करून धरावयाची, एक डोळा मिटावयाचा, उंचीत रुंदी किती वेळा बसते ते मोजावयाचे. ओळंबा धरून खांदा टाचेच्या कितपत पुढे आला ते पाहावयाचे. वस्तू न काढता दोन वस्तूंमधली रिकामी जागा काढावयाची. प्लास्टरचे पुतळे, मग कापडाच्या चुण्या, मग जिवंत माणूस. त्यांतला प्रत्येक धडा एकच गोष्ट शिकवितो: तुला काय ठाऊक आहे ते बाजूस ठेव, काय दिसते ते सांग.

रंगांच्या बाबतीत हीच परीक्षा अधिक कठीण होते. पांढरे धोतर नेसलेला म्हातारा बसविला म्हणजे नवखा विद्यार्थी पांढरा रंग पिळून ठेवतो. आठपंधरा दिवसांनी त्याला कळून येते की त्या धोतरात पांढरे असे जवळजवळ काहीच नाही. खिडकीकडील बाजूस ते निळसर आहे, मांडीखाली मातकट, आणि शेजारच्या लाल सतरंजीने त्याच्या कडेला गुलाबी झाक दिली आहे. हे जेव्हा प्रथम दिसते तेव्हा विद्यार्थ्याला आनंद होतो असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः त्याची पुरती धांदल उडते. कारण कालपर्यंत सोपे वाटणारे सारे जग एकाएकी अवघड होऊन बसते. रोज ठरलेल्या वेळी त्याच चौपाईवर बसून त्या अवघडपणाला तोंड देणे, याचे नाव तालीम. विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मार्कंडेय ऋषीकडे मूर्तिविद्या शिकावयास जातो, तेव्हा ऋषी त्याला सांगतात की त्यासाठी आधी चित्र यावे लागते, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गायन. राजा एका विद्येसाठी आला आणि चार विद्यांचे ओझे घेऊन बसला. आमच्या पूर्वजांस चित्र ही उपजत देणगी वाटत असती, तर त्यांनी राजाला इतक्या दारांवरून फिरविले नसते.

या शिस्तीची आपल्या प्रांतातील सर्वांत मोठी कसोटी अजिंठ्याच्या लेण्यांत लागली, आणि तीही दोनदा: एकदा ज्यांनी ती चित्रे काढली त्यांची, आणि सुमारे चौदाशे वर्षांनी ज्यांनी ती उतरून घेतली त्यांची. पहिल्यांची नावे काळाने ठेविली नाहीत. त्यांचे काम कसे चालले असावे हे मात्र भिंतीच सांगतात. खडबडीत कातळावर माती, शेण, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ हात, त्यावर गेरूची रेघ, मग रंग, आणि शेवटी आकाराला पक्के करणारी गडद रेघ. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, चुना यांसारखी आसपास मिळणारी द्रव्ये. फक्त निळ्यासाठी दूर बदख्शानच्या खाणींतून येणारा लाजवर्द. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची खाली वळलेली नजर आणि तीवरची भुवईची कमान ज्याने पाहिली आहे, त्याला त्या रेघेत कोठेही थांबल्याची, चाचरल्याची खूण सापडणार नाही. अंधाऱ्या गुहेत, ज्या भिंतीपासून चार पावले मागे सरून पाहणेही सोयीचे नाही, तेथे अशी रेघ पहिल्या झटक्यात कोणाला येते? ती ज्या हाताने ओढली त्याने ती आधी कोठे कोठे, कितीदा, कशाकशावर ओढली असेल, त्या साऱ्याची रद्दी आपल्या दृष्टीआड झाली आहे.

१८१९ साली मद्रासेकडील लष्करातील जॉन स्मिथ हा अधिकारी लेण्यांपाशी येऊन पोचला आणि अजिंठा पुन्हा जगापुढे आला. १८४४ साली मेजर रॉबर्ट गिल याची तेथील चित्रे उतरून घेण्याच्या कामावर नेमणूक झाली. या गिलचे आपल्या लोकांस स्मरण आहे ते पारो नावाच्या तरुणीवरील त्याच्या प्रेमामुळे. ना. धों. महानोरांनी त्या विषयावर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले, २०१२ साली त्यावर चित्रपटही निघाला, आणि त्यात गैर काही नाही. पण वर्षानुवर्षे वटवाघळांच्या दुर्गंधीत आणि अंधारात उभे राहून ज्याने मोठमोठे पट तैलरंगांत उतरविले, त्या माणसाच्या चरित्रातून आपण नेमकी प्रीती तेवढी उचलली आणि कुंचला तेथेच टाकून दिला, हे मात्र सूचक आहे. गिलचे बहुतेक पट लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेले असताना १८६६ साली आगीत जळाले.

तेव्हा ते काम पुन्हा करावयाचे ठरले आणि ते मुंबईच्या कलाशाळेकडे आले. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून १८५७ साली उभी राहिलेली ही शाळा तेव्हा अगदी तरुण होती. जॉन ग्रिफिथ्स हे तेथील अध्यापक, पुढे प्रमुख. १८७२ पासून १८८५ पर्यंत हिवाळ्याच्या मोसमात आपल्या विद्यार्थ्यांस घेऊन ते अजिंठ्यास जात. त्या मंडळींत पेस्तनजी बोमनजी होते, जगन्नाथ अनंत होते, आणि ज्यांची नावे आज अभ्यासकांखेरीज कोणाच्या तोंडी नाहीत असे आणखी कितीएक होते. तेरा वर्षांत सुमारे ३०० प्रतिकृती तयार झाल्या. त्या लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात पाठविल्या, आणि १८८५ साली तेथेही आग लागून त्यांतील बऱ्याचशा नष्ट झाल्या! उरलेल्या आजही तेथील व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहेत, आणि ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ साली प्रसिद्ध केलेल्या दोन खंडांच्या ग्रंथातून त्या कामाची कल्पना येते.

आता या प्रतिकृतींचे मोल काय? टीकाकार म्हणून आम्हांस त्या सर्वस्वी समाधानकारक वाटत नाहीत. तैलरंगाला अंगचा एक जडपणा आणि तुकतुकी असते. मातीच्या कोरड्या रंगांचे शांत तेज त्यात उतरत नाही. मूळची रेघ धारदार असते तेथे प्रतिकृतीत ती कित्येकदा मवाळ होते. १९०९ ते १९११ च्या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हालदार, के. वेंकटप्पा प्रभृति तरुणांस घेऊन जलरंगांत जे काम केले, ते अजिंठ्याच्या प्रकृतीला अधिक मानवणारे आहे. मुंबईच्या मंडळींकडून आणखी एक अपराध घडला. भिंतीवरील चित्रे उजळून दिसावीत म्हणून गिलने आणि नंतर त्यांनीही मूळ चित्रांवर वार्निश फिरविले. ते पिवळे पडले, धुळीने काळवंडले आणि चित्रांचे नुकसान करून बसले. पुढे निजाम सरकारला १९२० ते १९२२ या काळात इटलीहून चेक्कोनी हे तज्ज्ञ आणून ते काढवावे लागले. श्रम मोठे असले म्हणजे ते शहाणपणाचेच असतात असे नाही, याचा हा दाखला नमूद करून ठेवला पाहिजे.

असे असूनही त्या प्रतिकृतींकडे आम्ही आदराने पाहतो, त्याचे कारण निराळे आहे. जेथे गिलावा पडला होता तेथे त्यांनी तो पडलेलाच दाखविला आहे. अर्धा चेहरा उरला असेल तर अर्धाच रंगविला. उरलेला अर्धा कसा असावा हे डोळ्यांपुढे स्पष्ट दिसत असतानाही तो पुरा केला नाही. हातात कसब असलेल्या तरुणाला हा मोह आवरणे किती कठीण, हे चित्र काढणाऱ्यासच कळेल. तांब्याच्या तोंडापाशी जो धडा सुरू होतो त्याची ही अखेरची यत्ता होय. आणि त्या तरुणांची अडचण दुहेरी होती. प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून एका बाजूने पडणारा उजेड आणि दुसऱ्या बाजूची छाया यांनी गोलाई दाखविण्यास ते शिकले होते. अजिंठ्यास आल्यावर त्यांस आढळले की येथे उजेड कोठल्याच खिडकीतून येत नाही. नाकाच्या दांड्यावर एक उजळ हात, कडांकडे रंग किंचित गडद होत गेलेला, आणि बाकी सारी गोलाई रेघेने सांभाळलेली. मुंबईत जे मोठ्या कष्टाने कमाविले ते येथे बाजूस ठेवून नव्याने पाहावयास शिकणे भाग होते. तैलचित्रांत कोठे कोठे तो जुना उजेड आणि ती जुनी छाया डोकावतात, ती त्या झगड्याची खूण आहे; तिला आम्ही केवळ दोष म्हणणार नाही.

आणि त्या दोन आगींत जळाले ते काय? कापड आणि रंग जळाले, पट जळाले. तेरा हिवाळे भिंतीपुढे उभे राहून जी दृष्टी तयार झाली ती त्या आगींच्या आटोक्याबाहेर होती. पेस्तनजींनी पुढे पारशी घरांतील जी शांत तैलचित्रे काढली त्यांत अजिंठा शोधणे हे धाडसाचे होईल आणि तसा दावा आम्ही करीत नाही. त्यांचे तंत्र पाश्चात्त्य, विषय घरगुती. परंतु बसलेल्या माणसाचा हात मांडीवर कसा विसावतो, मान कलली म्हणजे खांद्याचे काय होते, हे त्यांच्या चित्रांत ज्या निवांतपणे पाहिलेले आहे तो निवांतपणा घाईने शिकलेल्या चित्रकाराजवळ नसतो.

त्याच शाळेत १८९० साली कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर दाखल झाले आणि तेथेच शिकत, शिकवीत त्यांनी एकेचाळीस वर्षे काढली. त्यांच्या आत्मवृत्ताचे नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' असे आहे. सरकारी खात्यातील कारकुनाने आपल्या नोकरीचा हिशेब मांडावा तसे! त्या नावात आम्हांस या कलेचे खरे रूप दिसते. धुरंधरांनी हजारो चित्रे, पुस्तकांतील प्रसंग, पोस्टकार्डांवरील मुंबईचे लोक रंगविले. त्यांच्या लग्नाच्या वा मिरवणुकीच्या चित्रात चाळीसपन्नास माणसे असली, तरी त्यांत एका साच्यातून काढलेली म्हणून दोन माणसे शोधून दाखविणे कठीण. लुगड्याचा ओचा, उपरण्याची टोके, गर्दीत मागून डोकावणाऱ्याची टाच, हे सारे कोठेतरी, केव्हातरी समक्ष पाहून वहीत टिपलेले आहे. कल्पनेने गर्दी काढणाऱ्याची दहाव्या माणसापाशी दमछाक होते आणि अकरावा माणूस पहिल्यासारखा दिसू लागतो.

येथे एका जुन्या आक्षेपाचा विचार केला पाहिजे. हॅवेल आणि अवनींद्रनाथ यांच्या वळणाच्या मंडळींनी मुंबईच्या चित्रकारांवर असा आरोप केला की, यांनी परकीय शिस्तीत हात तर तयार केला पण त्या हाताजवळ सांगण्यासारखे काही उरले नाही. मुंबईचे अभिमानी या आरोपाने फार चिडत. आम्हांस तो सर्वस्वी खोटा वाटत नाही. जरीच्या काठाची चमक, पितळेच्या समईवरचा झळाळ, गालावरची तकाकी हुबेहूब साधली म्हणजे चित्र साधले, अशी समजूत करून घेतलेली पुष्कळ चित्रे त्या काळात निपजली आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत टांगली गेली. त्यांत मेहनत आहे, ती प्रेक्षकाला ढळढळीत दिसते, किंबहुना ती दिसावी म्हणूनच केलेली आहे. सर्कशीतील दोरावर चालणाऱ्याचे जे कौतुक होते तेच तेथे होते. परंतु आक्षेपकांनी यावरून शिस्तच वाईट असा जो निष्कर्ष काढला तो आम्हांस मान्य नाही. हेरिंगहॅमबाईंबरोबर अजिंठ्याच्या भिंतीपुढे बसलेले नंदलाल त्यांच्याच पंथाचे होते, आणि त्यांच्या रेघेतील जोम घरी बसून आलेला नव्हता.

सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र या वादात उदाहरणादाखल घेण्याजोगे आहे. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात ते आहे. ते पाहून येणारे कितीएक लोक ते रवि वर्म्याचे असे सांगत येतात, आणि हळदणकरांच्या वाट्याला आलेला हा अन्याय कितीदा दूर केला तरी पुन्हा उगवतो. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, ज्योतीने लालसर झालेली बोटे आणि खालून उजळलेला चेहरा. प्रेक्षक त्या उजेडाने चकित होतात. चकित होण्यासारखे त्यात अधिक आहे ते हे की, ते जलरंगात केलेले आहे. तैलरंगात चुकले तर खरवडता येते, वर दुसरा थर देता येतो. जलरंगात जेथे उजेड हवा तेथे कागद आधीच कोरा राखावा लागतो. एकदा तेथे रंग गेला की तो उजेड पुन्हा मिळणे नाही. म्हणजे त्या बोटांमधली प्रभा हळदणकरांनी रंगविली म्हणण्यापेक्षा तिला हात न लावता ती राखली, असे म्हणणे अधिक खरे. कोठे थांबावे हे हाताला इतके पक्के ठाऊक होण्यास जे लागते, त्यासाठीच हा लेख आम्ही लिहीत आहो. चित्राची कल्पना थोडी गोड आहे आणि चेहऱ्यावरील भाव कॅलेंडराच्या फार जवळ जातो, हेही आमचे मत आम्ही लपवीत नाही. त्या चित्रात श्रेष्ठ आहे ते मनगटाच्या बाजूस अंधारात विरत जाणाऱ्या छायेचे काम; पण ते पाहावयास कोणी थांबत नाही, कारण सारे ज्योत पाहत असतात.

श्रमांचा प्रश्न एकदा कोर्टातही निघाला होता. १८७७ साली इंग्लंडात रस्किन या थोर टीकाकाराने व्हिस्लर याच्या एका रात्रीच्या देखाव्यावर इतकी कडवट टीका केली की व्हिस्लरने अब्रूनुकसानीची फिर्याद लावली. दुसऱ्या वर्षी सुनावणी झाली. दोन दिवसांच्या कामाचे २०० गिनी मागता काय, असा प्रश्न उलटतपासणीत आला, तेव्हा आपण दाम मागतो ते साऱ्या आयुष्यात मिळविलेल्या ज्ञानाचे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. व्हिस्लर दावा जिंकला, नुकसानभरपाई म्हणून त्याला एक फार्दिंग मिळाला आणि खर्चापायी त्याचे दिवाळे निघाले. रस्किनसारख्या, रेखांकनाच्या शिस्तीवर स्वतः पुस्तक लिहिणाऱ्या माणसाने हे बोलावे याचे नवल वाटते. परंतु त्याला परिचित असलेले श्रम चित्राच्या पृष्ठावर दिसणारे होते. पृष्ठावरून पुसलेले श्रम वाचणे त्यालाही जमले नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांपुढे उभा राहतो. १९२४ साली नागपुरास जन्मलेला, मूळचा गोमंतकीय घराण्यातला आणि गिरगावच्या चाळीत वाढलेला हा चित्रकार १९४८ साली जे. जे. मधून पदविका घेऊन बाहेर पडला. प्रारंभी त्याने भारतीय लघुचित्रांच्या वळणाने माणसे काढली. हळूहळू माणूस गेला, वस्तू गेली, आणि उरला तो रंगाचा एक खोल, शांत विस्तार. त्याच्या चित्रांपुढे 'हे तर आमचा बंड्याही काढील' हे वाक्य हमखास ऐकू येते. बोलणारे लोक मूर्ख नसतात. धुरंधरांच्या गर्दीत त्यांस मेहनत मोजता येते, येथे मोजण्यास काही नाही, म्हणून ते गोंधळतात.

त्यांनी जरा जवळ जाऊन पाहावे अशी आमची विनंती आहे. गायतोंडे रंग लावीत, रुळाने पसरीत, सुरीने ओढीत, कागदाचे तुकडे दाबून तो रंग काही जागी उचलून घेत, आणि त्यावर पुन्हा पातळ थर देत. वरच्या थरातून खालचा, त्यातून त्याच्या खालचा डोकावत राहतो. डोह पाहताना तळ दिसतो की न दिसतो असे व्हावे, तशी नजर आत उतरत जाते. ओला रंग केव्हा उचलावा, वाळता रंग केव्हा सोडून द्यावा, याची घटका चुकली तर चित्र चिखल होते. हळदणकरांनी कागद राखण्यात जो संयम वापरला तोच येथे रंग काढून घेण्यात वापरलेला आहे. वर्षाकाठी त्यांच्या हातून पाचसहाच चित्रे होत. उरलेला वेळ ते कोऱ्या पटापुढे बसून असत. गवयाच्या भाषेत बोलावयाचे तर हा तंबोरा लावण्याचा वेळ. तो लागला नाही तर गाणेच नाही. २०१३ साली मुंबईत एका लिलावात त्यांचे एक चित्र सुमारे २३ कोटी ७० लाखांस गेले आणि वर्तमानपत्रांनी तो आकडा मोठ्या टाइपात छापला. ते चित्र होण्यास किती दिवस लागले आणि त्यापूर्वी किती दिवस पट कोरा होता, हे छापण्याची आवश्यकता कोणास वाटली नाही.

त्यांच्या सगळ्याच चित्रांचा पक्ष आम्ही घेणार नाही. ज्यांत चिन्हांसारखे आकार फार सुबकपणे मांडले आहेत ती काही चित्रे नक्षीच्या अंगाने जातात असे आम्हांस वाटते. ज्यांत आकार रंगात बुडू लागले आहेत तीच आमच्या मते टिकणारी. पण १९८४ साली अपघातात त्यांस दुखापत झाली, मोठ्या पटापुढे उभे राहणे काही वर्षे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी जे केले त्याचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. साठीला आलेला, नामवंत झालेला हा माणूस लहान कागद घेऊन बसला आणि शाईने रेघा काढू लागला. हातावेगळ्या केलेल्या त्या लहान शाईच्या कागदांवर कोणत्याही लिपीतील नसलेली, पण कोणीतरी काही लिहीत आहे असे वाटावयास लावणारी अक्षरे आहेत. मध्येच जाड, मध्येच केसासारखी बारीक, आणि त्यांच्या भोवती पुष्कळशी कोरी जागा.